पैनगंगेच्या वळणातील माहूर

हिमायतनगर या नावाची दोन गावे आम्हांस ठाऊक आहेत. एक हैदराबाद शहरातील मोहल्ला. येथे आम्ही राहतो. येथे उर्दू हॉलही आहे आणि तिरुमल देवस्थानाचे बालाजीमंदिरही आहे. दुसरे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. त्याचे मूळ नाव वाढोणा, आणि तेथील परमेश्वराच्या यात्रेस जाणारे वृद्ध लोक अजूनही ते जुनेच नाव घेतात. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे ज्येष्ठ पुत्र हिमायत अली खान ऊर्फ आझम जाह (१९०७–१९७०) यांच्या नावाने आमचा मोहल्ला वसला, आणि निजामी अमदानीत वाढोण्यासही तेच नाव मिळाले. १९३६ साली या शाहजाद्यांस 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणजे वऱ्हाडचे युवराज असा किताब देण्यात आला. गंमत अशी की, ज्या वऱ्हाडचे ते युवराज झाले त्या वऱ्हाडचा कारभार १८५३ पासून इंग्रजांच्या हाती होता. वाढोण्याहून काही कोसांवर पैनगंगा लागते आणि तिच्या पलीकडे वऱ्हाडातील उमरखेड. स्वतःच्या नावाच्या गावापासून युवराजांस आपले राज्य जवळ होते. मात्र तेथे हुकूम चालवावयाचा नव्हता.

हेच वाढोणे मागे टाकून भोकर–किनवट मार्गाने उत्तरेस गेले म्हणजे डोंगर सुरू होतात, आणि किनवटपासून सुमारे ५० किलोमीटरवर माहूर लागते. श्रीरेणुकेचे पीठ, दत्तात्रेयांचे निद्रास्थान, महानुभावांचे महाक्षेत्र आणि एका जुन्या सुभ्यातील सरकारचे मुख्य ठाणे अशी या लहानशा डोंगरी गावाची अनेक नाती आहेत. वाचकांपैकी अनेकांनी ते यात्रेच्या निमित्ताने पाहिलेले असेल. तथापि यात्रेकरूचे पाहणे बहुधा पायऱ्यांवरून गाभाऱ्याकडे आणि गाभाऱ्यातून मोटारीकडे असे असते. गाव पाहावयाचे तर आधी त्याची नदी पाहावी लागते.

पैनगंगा बुलढाण्याच्या बाजूस अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते आणि पूर्व–आग्नेयेस वाहत येते. वाढोण्याच्या पुढे इस्लापूरजवळ ती काळ्या खडकाच्या अनेक धारांतून खाली कोसळते. त्यास सहस्रकुंड म्हणतात, आणि मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावर त्या नावाचे एक स्थानकही आहे. आतापर्यंत समुद्राच्या दिशेने चाललेली ही नदी येथून मात्र उत्तरेकडे तोंड फिरविते. माहूरच्या डोंगरांना पश्चिमेकडून आणि उत्तरेकडून वळसा घालून ती पुन्हा पूर्वेस लागते, व शेवटी वर्धा नदीस मिळते. म्हणजे माहूर एका पिशवीच्या तळाशी आहे असे समजावे. तीन बाजूंस नदी, आणि केवळ दक्षिणेकडे किनवटच्या अंगास जमिनीचे तोंड. पुसद, दिग्रस, आर्णी या वऱ्हाडी बाजारपेठांतून देवीस येणाऱ्यास नदी ओलांडल्यावाचून गत्यंतर नाही. माहूरच्या इतिहासातील निम्म्या गोष्टी या एका वळणाने घडविल्या आहेत असे आम्हांस वाटते. जेव्हा जेव्हा कोणा राज्यकर्त्यास सीमेची रेघ ओढावयाची झाली, तेव्हा तेव्हा त्याने हीच नदी पकडली, आणि माहूर प्रत्येक वेळी कोणाच्या तरी मुलखाच्या शेवटच्या टोकास जाऊन पडले.

डोंगर दख्खनी काळ्या पाषाणाचे. माथा सपाट, कडे तुटलेले, आणि कड्यांखाली मुरमाड उतार. उतारांवर साग, धावडा, मोह, तेंदू. पावसाळ्यात हे सर्व रान इतके हिरवे असते की उन्हाळ्यातला तोच डोंगर ओळखू येऊ नये. कारण हा पाषाण पाणी फार धरून ठेवीत नाही. म्हणूनच माहूरची बहुतेक पवित्र स्थाने ही पाण्याची स्थाने आहेत. मातृतीर्थ घ्या, किल्ल्यावरील ब्रह्मतलाव घ्या, शेख फरीदच्या नावाचा धबधबा घ्या. जेथे पाणी टिकले तेथे कोणी ना कोणी देव, ऋषी किंवा अवलिया येऊन राहिलेला आहे. सोनापीराचा दर्गाही याच डोंगरात आहे. गावाभोवतीच्या वस्त्यांत गोंड, कोलाम, आंध, परधान आणि बंजारा हे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. तेलुगू बोलणारेही येथे नवे नाहीत. माहूरच्या आठवडी बाजारात उभा राहणारा मनुष्य मराठीच ऐकेल, परंतु ती मराठी एका बाजूने वऱ्हाडी, एका बाजूने मराठवाडी, आणि मधूनच गोंडी–तेलुगूचा ठसका लागलेली अशी असेल.

माहूरचा डोंगर हा भूगोलाच्या पुस्तकातला सह्याद्री नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. शाळेत आपण शिकतो तो सह्याद्री समुद्राला समांतर उभा असलेला. हा तर त्याहून शेकडो मैल पूर्वेकडे, अजिंठा–निर्मळच्या रांगांतला. तरी माहूरकर आपल्या डोंगरास सह्याद्रीच म्हणतात, आणि त्यांच्या बाजूस मोठा ग्रांथिक पुरावा आहे. महानुभाव पंथाच्या प्रसिद्ध 'साती ग्रंथां'पैकी एकाचे नाव 'सह्याद्रिवर्णन'. चौदाव्या शतकात रवळोव्यासांनी रचलेल्या या काव्याचा विषय श्रीदत्तात्रेय प्रभू आणि त्यांचे निवासस्थान माहूर हाच आहे. सहाशे वर्षांपूर्वी एका मराठी कवीने ज्या डोंगरास सह्याद्री म्हणून गाइले, तो सह्याद्री नव्हे असे म्हणण्याचा अधिकार नकाशे छापणाऱ्यास किती आहे, हा प्रश्न आम्ही विद्वानांवर सोपवितो. आमचे मत माहूरकरांच्या बाजूने पडते.

कोकणात व कोकणाखाली राहणाऱ्या वाचकांस या नावाचे विशेष महत्त्व आहे. परशुरामाने समुद्र हटवून कोकणभूमी निर्माण केली ही कथा आपणा सर्वांच्या घरात सांगितली जाते, आणि सह्याद्रिखंड नामक पुराणभागात आपल्या ज्ञातींच्या वसाहतीची परंपरा तिच्याशी जोडलेली आहे. हे सह्याद्रिखंड गेर्सन द कुन्हा यांनी १८७७ साली मुंबईत छापून प्रसिद्ध केले, तेव्हापासून त्यातील कोणता भाग किती जुना यावर वाद चालू आहे. त्या वादात आम्ही शिरत नाही. परंतु परशुरामाने बाण मारून भूमी मिळविली ती पश्चिमेच्या सह्याद्रीवरून, आणि त्याची आई स्थिर झाली ती पूर्वेच्या सह्याद्रीवर, ही जोडी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मुलाचा प्रदेश एका टोकास, आईचे घर दुसऱ्या टोकास.

माहूरची कथा अशी. जमदग्नींचा वध झाल्यावर परशुरामाने कावडीच्या एका पारड्यात पित्याचा देह आणि दुसऱ्यात मातेस बसवून कोऱ्या भूमीचा शोध चालविला. ज्या जमिनीत यापूर्वी कोणाचे दहन झाले नाही अशी ती कोरी भूमी त्यास माहूरला मिळाली. दत्तात्रेयांनी आचार्यत्व पत्करले, अंत्यविधी झाला, आणि रेणुका सती गेली. पुढे मातेच्या विरहाने व्याकूळ झालेल्या पुत्रास आकाशवाणी झाली की माता भूमीतून प्रकट होईल, पण मागे वळून पाहू नये. त्याने धीर सोडून मागे पाहिले, आणि तोवर केवळ मुख वर आले होते. म्हणून माहूरच्या गाभाऱ्यात पूर्ण मूर्ती नाही, शेंदूरचर्चित भव्य मुखच आहे. या मुखास तांदळा म्हणतात. येथील प्रसाद म्हणजे कुटलेल्या विड्याचा तांबूल. दात गेलेल्या आजीबाईंसही तो खाता येतो, आणि प्रसादाची योजना ज्याने केली त्याने घरातल्या वडीलधाऱ्यांचा विचार केला असावा असे आम्हांस नेहमी वाटते.

याच रेणुकेची कथा सौंदत्तीस यल्लम्मा म्हणून सांगतात. शिमोग्याकडील चंद्रगुत्तीस रेणुकांबा म्हणून सांगतात. चिपळूणजवळ परशुरामाच्या देवळाच्या आवारात तिचे वेगळे मंदिर आहे. गोव्यात सांतेरीची पूजा वारुळाच्या रूपाने होते. कोंकणीत त्या वारुळास रोयण म्हणतात. भूमीतून वर आलेली आणि आकाराने अपुरी ठेवलेली ही देवी माहूरच्या तांदळ्याची जवळची नातलग आहे, असे अनेक अभ्यासकांनी मानले आहे. वकिली व्यवसायामुळे एकाच घटनेवर अनेक दावेदार आले की आमचे कान टवकारतात. न्यायालयात असा प्रसंग आला असता तर कब्जा कोणाचा, वहिवाट कोणाची, हे मुद्दे काढावे लागले असते. पण दैवते वाटणीचा दावा लावीत नाहीत. सौंदत्तीस गेलेला भक्त माहूरच्या देवीचा विरोधक होत नाही. हिंदू कायद्यातील जुने अविभक्त कुटुंब जसे सर्व मालमत्तेवर सर्वांचा हक्क मानी, तसेच हे आहे.

दत्तात्रेयांच्या बाबतीतही तसेच. परंपरा म्हणते की दत्तप्रभू नित्य काशीस स्नान करतात, कोल्हापुरास भिक्षा मागतात आणि निद्रेस माहूरला येतात. इतके लांबचे प्रवास नित्य करणाऱ्या देवाचे ठिकाण कोणते, असे कोणी विचारले तर कायद्याची व्याख्या माहूरच्या बाजूने लागेल. कारण मनुष्य जेथे परत येण्याच्या हेतूने राहतो तो त्याचा अधिवास. दत्तशिखरावर दशनामी परंपरेच्या महंतांची गादी आहे. पलीकडे अनसूयेचे शिखर. रेणुका, दत्त आणि अनसूया ही तीन शिखरे मिळून माहूरची यात्रा होते. आणि गावात देवदेवेश्वराचे स्थान महानुभावांचे. महानुभावांच्या पंचकृष्णांत माहूरचे श्रीदत्तात्रेय प्रभू आहेत. फलटणचे चांगदेव राऊळ माहूरला आले असता त्यांना दत्तात्रेयांनी व्याघ्ररूपाने दर्शन देऊन मस्तकावर पंजा ठेवला, असे पंथाचे साहित्य सांगते. या रानात वाघ होते हे सांगावयास वेगळ्या पुराव्याची आवश्यकता नाही. तेराव्या शतकाच्या शेवटी म्हाइंभटांनी लीळाचरित्र संकलित केले, तेव्हा 'मातापूर' हे नाव मराठी वाङ्मयात रुजलेले होते. मातापुराचे माहूर होणे प्राकृताच्या नियमांस सोडून नाही.

ज्यास आज आपण मराठी वाङ्मयाचा उषःकाल म्हणतो, त्या काळी हा डोंगर मराठी मनाच्या मध्यभागी होता. हे मुद्दाम सांगावयाचे कारण असे की राजकीय इतिहासात हेच गाव आपणांस नेहमी कडेला उभे असलेले दिसेल.

डोंगरातील पांडवलेणी येथील वस्तीचे प्राचीनत्व दाखवितात. ती राष्ट्रकूटकाळातील मानतात. यादवांनंतर किल्ला स्थानिक गोंड व इतर सरदारांच्या हाती राहिला असावा. बहमनी सुलतान अहमदशाहाने १४२५ च्या सुमारास माहूरवर स्वारी केली. पुढे वजीर महमूद गावान याने सुभ्यांची फेरमांडणी केली, तेव्हा वऱ्हाडचे दोन भाग झाले; एकाचे ठाणे गाविलगड, दुसऱ्याचे माहूर. एवढ्या पुरते माहूर राजधानीच्या पायरीस आले. गावानाने सुभेदारांची शक्ती मोडण्यासाठी हे तुकडे केले, आणि त्याच सुभेदारांच्या कटात १४८१ साली त्याचा बळी गेला. माहूर पुन्हा कोपऱ्यात गेले. इमादशाही, मग निजामशाही, आणि १५९६ साली चांदबिबीने वऱ्हाड सोडून दिल्यावर मोगलाई.

मोगलांच्या आगमनामुळे आपणांस माहूरचे एक सुंदर शब्दचित्र लाभले. अबुल फजलने 'आईने अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना माहूरचा डोंगरी किल्ला, त्याजवळील देवीचे प्रसिद्ध स्थान आणि तेथील म्हशी यांची नोंद केली आहे. या म्हशी उत्तम जातीच्या असून दिवसास अर्धा मण किंवा अधिक दूध देतात, असे तो सांगतो. अकबरी मण आजच्या सुमारे २५ किलोंचा धरला तर साडेबारा किलो दूध झाले. वजिराच्या दप्तरात बसून साम्राज्याचा हिशेब मांडणाऱ्या पंडितास माहूरच्या म्हशींची दखल घ्यावीशी वाटली, यावरून त्या रानातील चारा आणि पाणी यांची कल्पना यावी. देवीची नोंद आणि दुधाची नोंद शेजारी शेजारी आहे. आमच्या मते इतिहासकाराने असेच लिहावे.

यापुढचे माहूर उदारामाचे. हा दख्खनी ब्राह्मण सरदार जहांगीर बादशहाच्या काळी मोगलांकडे आला आणि माहूरभोवतीच्या मुलखाचा मोठा मनसबदार झाला. १६२३ साली शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, बापाविरुद्ध बंड करून पराभूत झाला आणि बुऱ्हाणपुराकडून तेलंगणाच्या वाटेने पळाला. वाटेत त्याने आपले हत्ती व जड सामान माहूरच्या किल्ल्यात उदारामाच्या हवाली केले. पळत्या शाहजाद्यास सामान ठेवावयास असाच किल्ला हवा होता. मोठ्या रस्त्यापासून दूर, तीन बाजूंस पाणी, आणि पुढे गोवळकोंड्याची हद्द. किल्ल्याचा हत्ती दरवाजा आजही यात्रेकरूंस दाखवितात.

उदारामाच्या घराण्यातील सावित्रीबाई ही इतिहासात रायबागन या किताबाने प्रसिद्ध आहे. पतिनिधनानंतर तिने स्वतः फौज सांभाळली. १६६१ साली शायिस्ताखानाने कारतलबखान उझबेग यास कोकणात पाठविले, तेव्हा त्याच्याबरोबर रायबागन होती. २ फेब्रुवारी रोजी घाट उतरताना उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी मोगली सैन्यास कोंडले. पुढे वाट नाही, मागे वाट नाही, पाणी नाही. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'त या प्रसंगाचे विस्तृत वर्णन आहे, आणि त्यात खानास शरण जाण्याचा शहाणपणाचा सल्ला देणारी हीच स्त्री आहे. आमच्या पाठ्यपुस्तकांत ती केवळ शत्रुपक्षातील एक नाव म्हणून येते. हे आम्हांस अपुरे वाटते. माहूरच्या डोंगरात वाढलेल्या बाईस खिंड म्हणजे काय हे उझबेग सरदारापेक्षा आधी कळले, यात नवल ते काय? आणि घाटमाथ्यावरच्या रेणुकेच्या गावची सरदारीण परशुरामाच्या भूमीत उतरताना अडविली गेली, हा योगायोगही विसरण्यासारखा नाही.

१७२४ नंतर माहूर आसफजाही अमलात गेले. नंतरच्या शंभर–सव्वाशे वर्षांत देवस्थाने, देशमुख्या, इनामे आणि भांडणे चालत राहिली. त्यांचा तपशील येथे देत नाही. १८५३ च्या तहाने मात्र माहूरच्या आयुष्यात मोठी उलथापालथ झाली. कंटिन्जंट फौजेच्या खर्चाच्या बाकीपोटी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. माहूर शतकानुशतके वऱ्हाडातच मोजले जात होते. आईने अकबरीत ते वऱ्हाडचे एक सरकार आहे. आता पैनगंगा ही हद्द ठरली, आणि वळणाच्या आतले माहूर निजामाकडे राहिले, बाहेरचे पुसद, उमरखेड, दारव्हा इंग्रजांकडे गेले. १९०२ साली लॉर्ड कर्झनने वार्षिक २५ लक्ष रुपयांच्या बदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले, तेव्हा ही रेघ पक्की झाली. देवीच्या उत्तरेकडील भक्तांचा देव एका संस्थानात आणि घर दुसऱ्या राज्यात अशी स्थिती झाली. चलन निराळे, दप्तराची भाषा निराळी, सन निराळा. अलीकडे इसवी, पलीकडे फसली. तथापि परिक्रमेच्या व नवरात्राच्या यात्रेस लोक नदी उतरून येतच राहिले. साताऱ्याकडून आलेले कवी विष्णुदास याच काळात माहूरला स्थायिक झाले आणि त्यांची रेणुकेची पदे दोन्ही तीरांवर गायिली गेली.

१९०५ मध्ये आदिलाबाद जिल्ह्याची रचना झाली, आणि पुढे किनवट तालुक्यासह माहूर त्या जिल्ह्यात होते. तेलुगू, गोंडी, मराठी अशा तीन भाषांच्या या जिल्ह्यात माहूर पश्चिमेचे शेवटचे टोक. क्रिस्तोफ फॉन फ्युरर–हैमेनडॉर्फ यांनी आदिलाबादच्या राजगोंडांवर १९४८ मध्ये आपला प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित केला, त्यातून या डोंगराळ प्रदेशातील लोकजीवनाची ओळख जगास झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पोलीस कारवाई होऊन निजामी राजवट संपली. त्यापूर्वीच्या वर्षभरात स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते नदीपलीकडच्या उमरखेडसारख्या ठिकाणांहून लढा चालवीत होते. जी हद्द भक्तांस अडचणीची होती ती या लोकांस आश्रयाची झाली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना कायदा अमलात आला. त्यातील आठवे कलम ज्यांनी वाचले असेल त्यांस आमचे कुतूहल समजेल. ते जिल्ह्यांच्या नावांवर थांबत नाही, तर थेट गिरदावरी सर्कलपर्यंत उतरते. आदिलाबाद जिल्ह्यातून मुंबई राज्यास काय मिळाले? बोथ तालुक्यातील इस्लापूर सर्कल, किनवट तालुका आणि राजुरा तालुका. उलट नांदेड जिल्ह्यातून बिच्चकुंदा, जुक्कल, मुधोळ, भैंसा, कुबेर ही सर्कले तिकडे गेली. एका ओळीत एक किनवट हा शब्द आला, आणि त्याबरोबर रेणुका, दत्त, महानुभावांचे देवदेवेश्वर आणि उदारामाचा किल्ला हे सर्व मराठी राज्यात आले. राजुरा प्रथम नांदेडला जोडला गेला, १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात गेला. आणि त्या बाजूच्या जिवती तालुक्यातील १४ गावांवर महाराष्ट्र व तेलंगण या दोन्ही राज्यांनी हक्क सांगितल्यामुळे तेथील लोकांची नावे दोन्हीकडच्या मतदारयाद्यांत आली. रेघा ओढणे सोपे असते. रेघेवर राहणाऱ्यास ती निस्तरावी लागते.

माणसे व देव इकडे आले, पण कागद हैदराबादेत राहिले. या एका गोष्टीसाठी आम्ही हा लेख लिहिण्यास घेतला.

निजामी राज्यात देवस्थाने, मशिदी, दर्गे यांचा कारभार उमूर–ए–मजहबी या खात्याकडे असे. १३४९ फसलीच्या, म्हणजे इसवी १९४० च्या सुमाराच्या नियमांनी धर्मादाय मालमत्तांची नोंद 'किताब–उल–औकाफ' नामक पुस्तकात होऊ लागली. इनामांची चौकशी अतियात खात्याकडे; चौकशी पुरी झाली म्हणजे 'मुंतखब' नावाचा दाखला मिळे, आणि त्यात इनाम कोणास, कोणत्या सेवेसाठी, किती जमीन, हे लिहिलेले असे. १९५२ चा अतियात चौकशी कायदा आणि १९५४ चा इनाम निर्मूलन कायदा हे दोन्ही हैदराबाद विधानमंडळाचे. आज मराठवाड्यातही तेच कायदे आपापल्या दुरुस्त्यांसह चालतात. मराठवाड्यातील एखाद्या देवस्थानाचा वाद निघाला की महाराष्ट्रातील न्यायालयात उर्दू मुंतखब दाखल करावा लागतो, आणि त्याचे मूळ शोधण्यास पक्षकार हैदराबादेत तारनाक्याच्या राज्य अभिलेखागाराकडे येतो. या अभिलेखागारात शहाजहान व औरंगजेब यांच्या दख्खन दप्तरांचे लाखाहून अधिक कागद आहेत. उदारामाच्या काळातील माहूरचा ज्यास शोध घ्यावयाचा असेल त्यास याच दाराशी यावे लागेल.

हे कागद वाचणार कोण? उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले, तेथे कायद्यासह सर्व विषय उर्दूतून शिकवीत. त्या विद्यापीठातून निघालेल्या मराठी वकिलांस मुंतखब वाचणे म्हणजे वर्तमानपत्र वाचण्यासारखे होते. सकाळी मोडीतला देशमुखी वाटणीपत्राचा कागद आणि दुपारी शिकस्ता लिपीतला फर्मान, असे लीलया वाचणारे गृहस्थ या शहरात होते. ती पिढी गेली. त्यांच्या बैठकीच्या खोल्यांतील दप्तरे त्यांच्या नातवंडांस रद्दी वाटतात.

याचा परिणाम केवळ इतिहासावर होतो असे नाही. हिंदू देवता ही कायद्याने व्यक्ती आहे, हे प्रिव्ही कौन्सिलने १९२५ च्या मुल्लिक प्रकरणात स्पष्ट केले. देवाच्या जमिनीचा मालक देवच, पुजारी हा केवळ सेवेकरी, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातील पुजाऱ्यांच्या प्रकरणात सप्टेंबर २०२१ मध्ये दिला. परंतु देवास स्वतःचे कागद स्वतः सांभाळता येत नाहीत. इनाम देवाचे की पुजाऱ्याच्या घराण्याचे, हे मूळ सनदेत अथवा मुंतखबात काय लिहिले आहे त्यावर ठरते; कागदच सापडला नाही तर ज्याचा कब्जा त्याचे बोलणे खरे होऊ लागते. माहूरच्या रेणुकादेवी संस्थानच्या अध्यक्षपदी जिल्हा न्यायाधीश असतात, ही व्यवस्था आम्हांस स्पृहणीय वाटते. पण डोंगरातल्या लहान लहान तीर्थांना, मठांना, दर्ग्यांना असा रक्षक कोठून मिळणार?

आणि जमिनीचा प्रश्न पुढे येणारच आहे. पैनगंगेवर माहूरच्या खालच्या अंगास निम्न पैनगंगा धरणाची योजना आहे. गोदावरी खोऱ्याच्या पाणीवाटपासाठी महाराष्ट्र आणि तत्कालीन आंध्र प्रदेश यांच्यात १९७५ मध्ये जो करार झाला त्यात हा संयुक्त प्रकल्प आलेला आहे, आणि १९८० च्या गोदावरी लवादाच्या निवाड्यात तो करार समाविष्ट झाला. बुडिताखाली येणाऱ्या नदीकाठच्या गावांनी त्यास दीर्घकाळ विरोध केला आहे; पाणी हवे असणारा शेतकरी दुसऱ्या बाजूस आहेच. कोणाचे म्हणणे योग्य, हे ठरविण्याचे हे स्थळ नव्हे. मात्र भूसंपादनाची नोटीस निघाली म्हणजे प्रथम विचारतात तो प्रश्न मालकीचा. आणि नदीकाठची ज्या देवाची शेते सेवाइनामाची असतील, त्याच्या वतीने मुंतखब दाखविणारा कोणी नसेल तर मोबदला कोणाच्या खात्यात जाईल हे सांगावयास ज्योतिषी नको.

आता अकोटहून नांदेडपर्यंतचा राष्ट्रीय महामार्ग आर्णी, माहूर, किनवट आणि हिमायतनगर यांना एकाच धाग्यात ओवतो. १८५३ ने तोडलेले वऱ्हाड आणि माहूर मोटारीच्या रस्त्याने पुन्हा जोडले गेले आहे. माहूर स्वतः तालुक्याचे ठिकाण झाले आहे, आणि गावात पुरातत्त्व खात्याचे एक संग्रहालयही आहे. हैदराबादेतून, सिकंदराबादेतून, आणि कोकण–कारवारकडूनही रेणुकेच्या दर्शनास जाणाऱ्या कुटुंबांनी दर्शनानंतर तासभर तेथे काढावा.

ज्यांच्या घरी आजोबा–पणजोबांच्या लोखंडी पेटीत उर्दू मोहरांचे, मोडी अक्षरांचे, फसली सन घातलेले कागद असतील, त्यांनी ते अक्षर लागत नाही म्हणून टाकून देऊ नयेत. घडी उलगडताना ते फाटतात. त्यांस चिकटपट्टी लावू नये, आणि वर्तमानपत्रात गुंडाळूही नये, सुती कापडात ठेवावेत. कागदात माहूर, किनवट, वाढोणा किंवा पैनगंगेकाठच्या कोणत्याही गावाचे नाव लागले तर त्याची दोन्ही बाजूंची छायाप्रत करून एक प्रत त्या देवस्थानाकडे आणि एक या मासिकाकडे पाठवावी. मूळ कागद मात्र घरातच ठेवावा, आणि कोणी कितीही आग्रह केला तरी पोच घेतल्यावाचून तो हातचा सोडू नये.